दुरुस्त केलेला शब्द

"ताई, तुमच्या मॅटरमध्ये एक चूक होती, ती मी काढून टाकलीये," फ्लेक्सची गुंडाळी माझ्या हातात देत तो मुलगा म्हणाला. शुक्रवारची रात्र, साडेआठ वाजून गेलेले. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळातलं ते दुकान म्हणजे जेमतेम दोन खाटांची जागा, आणि त्यातली निम्मी मशिननं व्यापलेली. सोमवारी घट बसणार होते, त्यामुळे मशिनवर कुठल्याशा मंडळाच्या देवीचा आठ फुटी चेहरा पट्ट्यापट्ट्यानं उतरत होता. आधी मुकुट, मग कपाळ, मग डोळे. शाईचा तो डोक्यात चढणारा वास, बाहेर पन्हाळीतून कोसळणारं पाणी, आणि काउंटरवर मी उलगडलेला आमचा सहा बाय तीनचा फ्लेक्स. निळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं: 'मोफत सॉफ्टवेअर दिवस'.

मी पाठवलं होतं 'मुक्त सॉफ्टवेअर दिवस'.

"अहो, हे मुक्त होतं," मी म्हटलं. "हो ना, तेच सांगतोय. मोबाइलवर टाइप करताना होतं असं सगळ्यांचं. मी म्हटलं, ताईंना मोफत म्हणायचं असणार." त्याच्या चेहऱ्यावर काम मनापासून केल्याचं समाधान होतं, त्यामुळे मला रागवताही येईना. मग त्यानंच सांगितलं. व्हॉट्सॲपवर आलेलं मॅटर त्याच्याकडच्या जुन्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या प्रोग्राममध्ये, तसंच्या तसं उतरत नाही. वेलांट्या उडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून आलेलं प्रत्येक मॅटर तो आपल्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो. वाढदिवस, दशक्रिया, क्लासेसच्या जाहिराती, देवी. डोळा पुढे पळतो आणि ओळखीचा शब्द हात आपोआप लिहून टाकतात. 'मोफत' आणि 'सॉफ्टवेअर' त्यानं शेकडो वेळा शेजारी शेजारी पाहिले होते. 'मुक्त' आणि 'सॉफ्टवेअर' एकदाही नाही. दुसरा फ्लेक्स काढायचा तर रविवार उजाडला असता, आणि आमचा कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. मी पैसे दिले आणि गुंडाळी प्लास्टिकमध्ये घालून स्कूटरवर पायाशी ठेवली.

लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला भिजत उभी असताना मला त्या मुलाचा राग नव्हता. मला धक्का बसला होता तो माझ्याच एका वाक्याचा. गेली पंधरा वर्षं मी ते वाक्य सांगत आले आहे: इंग्रजीतल्या 'फ्री'ला दोन अर्थ आहेत म्हणून त्या लोकांची पंचाईत होते, आपल्याकडे ती पंचाईतच नाही, 'मोफत' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. मोफत म्हणजे पैसे न पडणारं; मुक्त म्हणजे वापरायला, उघडून बघायला, बदलायला, वाटायला मोकळं. अमेरिकेतले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असं मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात त्यांना 'फुकट बिअर नव्हे, बोलण्याचं स्वातंत्र्य' असं समजावत बसावं लागलं. मराठीत मात्र ते एका शब्दात सांगून होतं. माझ्या भाषेनं हे काम आधीच करून ठेवलंय, याचा मला खरोखर अभिमान होता. आणि तो शब्द अप्पा बळवंत चौकात एक संध्याकाळही टिकला नाही.

हे इतकं लागायला अजून एक कारण होतं. याच शब्दावरून आठ-दहा दिवस आधी आमचा वाद झाला होता.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका अमृततुल्यमध्ये दोन गट बसले होते. एक आमचा: दहा-बारा जण, बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, कुणी बँकेतले, कुणी शिक्षक, दूरसंचारमधून निवृत्त झालेले एक काका, आणि दिवसभर भाषांतरं आणि प्रुफं करणारी मी. दुसरा अभियांत्रिकीच्या मुलामुलींचा. दोघांचं काम एकच. शाळांच्या जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून देणं, लोकांना पत्रं-तक्ते करायचं लिबरऑफिस शिकवणं, कुठल्या तरी प्रोग्रामचे मेनू मराठीत करणं. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून साजरा होतो, तो यंदा एकत्र करू आणि जमलं तर गटही एकच करू, असं ठरलं होतं. हॉल, एक्स्टेन्शन बोर्ड, पेन ड्राइव्ह कोण आणणार, चहाचं कुणाकडे, हे सगळं वीस मिनिटांत उरकलं. मग कुणीतरी विचारलं, "नाव काय लावायचं?" आणि पुढचे दोन तास आणि चहाच्या तीन फेऱ्या त्यातच गेल्या.

त्यांच्या बाजूनं बोलत होती ती तिसऱ्या वर्षाची एक मुलगी. केस घट्ट बांधलेले, बोलताना टेबलावर बोटानं रेघा ओढायची सवय. "ताई, ओपन सोर्स म्हणूया ना. मुलाखतीत तेच विचारतात. मुक्त म्हटलं की माझ्या घरच्यांना मुक्त विद्यापीठ वाटतं." आमचे दूरसंचारवाले काका तापले. ओपन सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर (सोर्स कोड) सगळ्यांना उघडा, हे नावच मुळी स्वातंत्र्याच्या मूल्यांना बगल द्यायला काढलंय, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही, आणि तेव्हा मी ते बोललेही. १९९८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झालेल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी तो शब्द सुचवला, तो 'फ्री' ऐकून लोक फुकटातच अडकतात म्हणून. त्यांची अडचण खोटी नव्हती. माझ्या फ्लेक्सनं ती पुढे मलाच दाखवली. आणि त्याच महिन्यात ओपन सोर्सची जी व्याख्या ठरली, तो मसुदा नवा नव्हताच. ब्रूस पेरेन्स यांनी आदल्या वर्षी डेबियन या लिनक्सच्या एका अवतारासाठी मुक्त सॉफ्टवेअरची जी मार्गदर्शक तत्त्वं लिहून काढली होती, त्यातलं डेबियनचं नाव काढून तोच मजकूर वापरला. म्हणजे एकाच कागदाला एकीकडे 'मुक्त' म्हणतात आणि दुसरीकडे 'ओपन'. वाक्यं तीच. तरीही त्या दोन नावांखाली जमलेली माणसं पंचवीस वर्षांनंतरही एकमेकांकडे थोडं तिरकं बघतात.

मग मराठी नावं निघाली. 'खुला स्रोत' म्हटल्याबरोबर एक मुलगा म्हणाला, "नको, खुला म्हटलं की मला प्रवेशाचा फॉर्म आठवतो, खुला प्रवर्ग." कुणी हसलं नाही, कारण त्या टेबलावरच्या प्रत्येकानं तो रकाना कधी ना कधी भरला होता, कुणी या बाजूनं, कुणी त्या. शिवाय 'स्रोत' लिहायला सांगा, दहातले आठ जण 'स्त्रोत' लिहितात. 'स्वतंत्र' हा माझा आवडता शब्द. केरळात तो चांगला रुजला आहे, तिथल्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग'च्या नावातच तो आहे. पण पुण्यात 'स्वतंत्र' म्हटलं की डोळ्यांपुढे येते स्वतंत्र खोली, स्वतंत्र नळ, स्वतंत्र जिना. शेजाऱ्याशी वाटून घेण्याच्या गोष्टीला आपण शेजाऱ्यापासून वेगळं होण्याचा शब्द कसा लावणार? काकांनी 'सार्वजनिक' सुचवलं. सार्वजनिक सभा १८७० ची, सार्वजनिक गणपती १८९३ चा. या शहरात त्या शब्दाला वजन आहे. मला क्षणभर तो फार आवडला. पण सार्वजनिक म्हणजे कुणाचंच नाही असाही एक अर्थ आता त्याला चिकटलाय, आणि आमचं सॉफ्टवेअर कुणाचंच नाही असं नसतं. ते लिहिणाऱ्याचं असतं, त्याच्या नावानिशी, आणि त्यानंच लिहून दिलेलं असतं की वापरा, उघडून बघा, बदला, वाटा.

पुण्यातले गटच बघा ना. शहरातल्या जुन्या गटाच्या नावात लिनक्स आहे, पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप, सगळे त्याला नुसतं 'प्लग' म्हणतात. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलांच्या गटाच्या नावात 'फ्री सॉफ्टवेअर' आहे. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत फेब्रुवारीत जो मेळावा भरायचा त्याचं नाव 'ग्नूनिफाय', म्हणजे ग्नूही आणि एकी पण. एकानं गाभ्याचं नाव घेतलं, एकानं तत्त्वाचं, एकानं जोडण्याचं. आणि 'लिनक्स' हे नावही तो गाभा लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांना स्वतः ठेवायचं नव्हतंच. त्यांच्या मनात 'फ्रीक्स' असं काहीतरी होतं. १९९१ साली ज्या सर्व्हरवर ते ठेवलं गेलं तिथलं काम बघणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. आपल्याकडे आईबापांच्या मनात काहीही असो, बारशाला कुर्र करते ती आत्याच. मला ती गोष्ट नेहमी सुखावते. नाव ठेवणारा आणि जन्म देणारा एकच असावा लागत नाही.

त्या संध्याकाळी शेवटी ती मुलगी बोटानं रेघ ओढत म्हणाली, "ताई, माझं घर फुलेवाड्यापासून चार मिनिटांवर आहे. शाळेत असताना दरवर्षी न्यायचे. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, असंच लिहितात सगळीकडे. मुक्त केला असं कुणी लिहीत नाही. मग 'खुला' तुम्हाला एवढा हलका का वाटतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांकडेही नव्हतं. पोरानं येऊन ग्लास उचलले. एकच गट करायचं तिथंच राहिलं. त्यांनी भित्तिपत्रकं 'ओपन सोर्स'ची काढायची आणि बाहेरचा मोठा फ्लेक्स आम्ही 'मुक्त'चा करायचा, एवढ्यावर मिटलं.

मी या सगळ्यात आले ती बाबांमुळे, आणि बाबांचा संगणकाशी संबंध आला तो खिळ्यांमुळे. बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, होते. लहानपणी मी डबा द्यायला जायची, तेव्हा ते उभ्या उभ्या केसमधले, म्हणजे घरं पाडलेल्या पेटीतले, शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलून स्टिकमध्ये ओळीनं लावत असायचे. डोळे कागदावर आणि हात घरांमधून फिरणारे, जशी आई न बघता डब्यातून मोहरी घेते. बोटांची टोकं कायम करडी. रॉकेलचा वास. अधूनमधून एखादं अक्षर संपायचं. 'ळ' फार लवकर संपायचा. मग पोऱ्याला शेजारच्या प्रेसमध्ये पिटाळायचे, "दहा ळ दे म्हणावं, उद्या परत करतो." शेजारच्या प्रेसशी गिऱ्हाइकावरून भांडण असलं तरी ळ मिळायचे. पुढच्या आठवड्यात त्यांचा पोऱ्या यायचा, त्यांना 'ज्ञ' हवे असायचे. परत आलेल्यात एखादा खिळा झिजलेला निघायचा, त्यावर बाबा चरफडायचे, पण नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

नव्वदीत प्रेसमध्ये डीटीपी आलं आणि खिळे भंगारात किलोवर गेले. बाबा पन्नाशीत संगणक शिकले. त्यांना त्याचं कौतुक होतं, कारण त्या पेटीत ळ कधी संपत नव्हता. निवृत्तीनंतर घरी एक जुनं मशिन घेतलं आणि मुळशीकडे राहणाऱ्या आजीच्या ओव्या टाइप करायला बसले. आजी आठवेल तसं सांगायची, ते आधी वहीत आणि मग मशिनवर. तीनशे बारा ओव्या झाल्या. मराठीचं ते सॉफ्टवेअर चालायचं एका डोंगलवर, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचा करंगळीएवढा ठोकळा. तो नसला की अक्षर उमटायचं नाही. एका पावसाळ्यात वीज पडल्यासारखा आवाज झाला, घरातले दोन दिवे गेले आणि तो ठोकळाही गेला. विकणाऱ्यांना फोन केला तर ती आवृत्ती बंद झाली होती; नवी घ्या म्हणाले. नवीची किंमत बाबांच्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढी. दुसरीकडे फाइल उघडली तर टिंबं, टोप्या, चौकोन आणि परदेशी वाटणाऱ्या अक्षरांची रांगोळी. ओव्या तिथंच होत्या, एकही अक्षर गेलं नव्हतं, फक्त वाचता येत नव्हतं. देवनागरी १९९१ साली, युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत होती. बाबांनी हे टाइप केलं १९९८ मध्ये. सात वर्षं आधी जगानं आपल्या अक्षरांना कायमचे क्रमांक देऊन ठेवले होते, आणि घरोघरी मराठी लिहिली जात होती ती ज्याच्या त्याच्या कुलपात.

बाबा त्या दिवशी जे बोलले ते मी विसरलेले नाही. "खिळे दिले की आमची केस रिकामी व्हायची गं. तरी देत होतो. ह्यांचं तर देऊनही जागच्या जागी राहतं. मग का नाही देत?"

पुढे कधीतरी स्टॉलमन यांच्या त्या प्रिंटरची गोष्ट माझ्या वाचनात आली. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, त्यावर इलाज करायला त्यांना त्याचा सोर्स कोड हवा होता, आणि ज्याच्याकडे तो होता त्या माणसानं दिला नाही, कारण तो न देण्याचं वचन त्यानं आधीच लिहून दिलं होतं. वाचताना मला परका देश दिसलाच नाही. मला दिसला ळ मागायला गेलेला पोऱ्या, आणि दारातूनच परत पाठवलेला. माझ्यासाठी 'मुक्त' या शब्दाचा अर्थ तिथं ठरला. त्यानंतर कुणी 'ओपन सोर्सनं सॉफ्टवेअर चांगलं बनतं, चुका लवकर सापडतात' असं म्हटलं की मी मान डोलवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, खरंय, पण मी त्यासाठी आलेली नाही.

शनिवारी, २० सप्टेंबरला, मी सकाळी सातला हॉलवर गेले आणि 'मोफत'वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, त्यावर स्केचपेननं 'मुक्त'. पितृपक्ष चालू, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. काकांच्या घरून "असल्या दिवसांत नवं काही सुरू करू नये" असा निरोपही आलेला. पाऊस थांबून थांबून येत होता. अकरापर्यंत पट्टीचं एक टोक सुटलं आणि लोंबू लागलं. आतून 'मो' दिसायला लागला.

तो वाचूनच एक आजोबा आत आले. धोतर नाही, पण टोपी होती. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. मुलानं चारेक वर्षांपूर्वी घेऊन दिलेला. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला अपडेट येणार नाहीत, आणि हा लॅपटॉप पुढच्या आवृत्तीत बसत नाही, तेव्हा नवाच घ्या, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. "मोफत लिहिलंय बाहेर, म्हणून आलो." नेमका त्यांचा नंबर त्या मुलीच्या टेबलावर लागला. तिनं आधी त्यांचे फोटो आणि भजनांच्या फाइली बाजूला काढून घेतल्या, मग लिनक्स चढवायला घेतलं. आजोबा पट्टी पुढं सरकताना बघत होते, दाराबाहेर उभं राहून ऑपरेशन संपायची वाट बघावी तसे. मराठीत मेनू आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. 'जतन करा' असं मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "हे मोफत किती दिवस आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पहिले सहा महिने मोफत, मग पैसे भरायचे, असं असेल ना काहीतरी."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुदत नाही आजोबा याला. हे तुमचं झालं. हा पेन ड्राइव्हही घेऊन जा, अजून कुणाला हवं असेल तर द्या." आजोबांनी पेन ड्राइव्ह हातात घेतला, आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला, "दुसऱ्याला दिलं तर चालतं?" मी दोन हातांवर उभी होते म्हणून मला ऐकू आलं. गुन्ह्याबद्दल विचारावं तसं विचारत होते. चार पोरांचं लग्नकार्य केलेला, हातउसनं दिलं-घेतलेला माणूस, आणि शेजाऱ्याला एक वस्तू द्यायची तर त्याला परवानगी लागेल असं वाटत होतं. "चालतं," ती म्हणाली. "द्यायचंच असतं." त्यांनी पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हातानं एकदा दाबून बघितला. "माझा एक मित्र आहे. त्याचाही असलाच आहे," एवढं बोलून गेले.

फ्लेक्सवर 'मुक्त' असतं तर ते आत आले असते का? मला नाही वाटत. ते फुकट समजूनच आले. आणि ओपन सोर्सवाल्या मुलीनं त्यांना जे सांगितलं त्यात फुकटही नव्हतं, ओपनही नव्हतं. मी पंधरा वर्षं जे सांगू बघते तेच तिनं तीन वाक्यांत सांगितलं होतं. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

हौदाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारी, वायरी गुंडाळताना सुचलं. पाण्याची आणि सॉफ्टवेअरची बरोबरी मला करायची नाही. ज्यांना पाणी नाकारलं गेलं त्यांचं सोसणं वेगळंच आहे, ते कशालाही उदाहरण म्हणून वापरताना जीभ अडखळते. पण प्रश्न तिनं शब्दाचा विचारला होता. हौद 'खुला' केला, बरोबर. पण का केला? पाच घरांनी वापरलं की पाणी खेळतं राहतं, शेवाळ धरत नाही, म्हणून नव्हे. पाणी त्यांचंही होतं म्हणून. हे कारण काढून घेतलं की उरतो तो नुसता उघडा हौद, आणि उघडी गोष्ट उद्या गैरसोयीची वाटली की बंदही करता येते. माझं भांडण 'खुला' या शब्दाशी नव्हतंच. त्याच्या पाठीमागचं कारण गळून पडेल, या भीतीशी होतं. मी तिला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग कारण सांगत राहायचं ना ताई," ती म्हणाली, "नाव कुठलंही असो." मी म्हटलं, "कारण सांगायला माणूस प्रत्येक वेळी हजर नसतो. नाव असतं." यावर आमचं एकमत झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

निघताना तिनंच विचारलं, "तुम्ही मागे बाबांच्या फाइली म्हणाला होतात, त्यांचं झालं का काही?" झालं नव्हतं. तयार कन्व्हर्टर मी चार-पाच वापरून बघितले होते. बाबांच्या त्या आवृत्तीतली अक्षरांची घरं वेगळी होती, निम्मं उतरायचं आणि निम्मं गचाळ. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली, आजी त्याही आधी गेली. सर्वपित्रीला पान वाढलं आणि संध्याकाळी तिला फाइली आणि एक जुनी छापील प्रत नेऊन दिली. पहिल्या चाळीस ओव्या बाबांनी डोंगल जाण्याआधी छापून ठेवल्या होत्या, तेवढीच काय ती किल्ली.

नोव्हेंबरात एका रविवारी ती घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं मला दाखवलं. डावीकडे ती रांगोळी, उजवीकडे छापील पान टेकवून ठेवलेलं, आणि मध्ये तिनं बनवलेलं कोष्टक: या टोपीवाल्या अक्षराचा अर्थ 'क्ष', या स्वल्पविरामासारख्याचा अर्थ अर्धा 'ल'. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पहिल्या वेलांटीनं. जुन्या फॉन्टात ती व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी; युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते, जशी उच्चारतो तशी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे नेऊन ठेवायची, आणि जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून. रफाराचं नेमकं उलटं. हे सगळं करताना कुणी पैसे देणार नव्हतं, मुलाखतीत कुणी विचारणार नव्हतं. मी प्रोग्रामच्या वरच्या ओळी वाचल्या. तिथं तिनं ग्नू प्रकल्पाचा परवाना, जीपीएल आवृत्ती ३, टाकला होता. मी काही विचारलं नाही; तीच म्हणाली, "कुणी घेऊन वाढवला तरी पुढच्याला असाच मिळायला पाहिजे. परत कुणी कुलूप नको लावायला." मी चहा टाकायला उठले, कारण डोळे भरून आले होते.

मग तिनं ज्या ओव्यांची छापील प्रत नव्हती त्यांवर प्रोग्राम चालवला. तीनशे बारामधल्या ज्या दोनशे बहात्तर मी वीस वर्षांत वाचल्या नव्हत्या त्या पडद्यावर उतरल्या. पहिलीच दिसली ती:

सरलं गं दळण, पीठ राहिलं सुपामधी
शेजीला देते वाटी, मग नेते घरामधी

आजीचा आवाज मला आला, तो 'मधी'वरचा हेल. ती मुलगी ओळींवरून बोट फिरवत होती. "मस्त आलंय सगळं. फक्त इथं एक चुकलंय बघा," ती म्हणाली. "शेजीला. 'शेतीला' असणार ना? 'त'च्या जागी 'ज' पडतोय कोष्टकात कुठंतरी. थांबा, दुरुस्त करते." कर्सर त्या शब्दावर जाऊन लुकलुकायला लागला.

"थांब गं," मी म्हटलं. "बरोबर आहे ते. शेजी म्हणजे शेजारीण."

तिनं कळफलकावरून हात काढून घेतला, आणि तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला.